धर्मशाळेला, पण यात्रेला नाही



"धर्मशाळेला जाते" असं आपल्या घरात म्हटलं की कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. पालिताणा असेल, शिखरजी असेल, नाहीतर जवळचं भद्रावती. पण हिमाचलातल्या डोंगरावरच्या गावाचंच नाव धर्मशाला आहे, आणि तिथे दरवर्षी चार दिवसांचा चित्रपट महोत्सव भरतो. आपल्या मंडळातल्या एका तरुण सुनेला तिथे जायचंय. तिला सल्ला मिळाला, "कांगड्याला आदिनाथांच्या दर्शनाला जाते म्हणून सांग, जाता जाता सिनेमाही बघ."

सल्ला प्रेमाने दिलेला आहे, पण मला तो पटत नाही. कांगड्याच्या किल्ल्यात आदिनाथ भगवंतांची प्राचीन मूर्ती आहे, धर्मशालेपासून ते फार लांब नाही, आणि तिथवर गेल्यावर दर्शन जरूर घ्यावं. पण सत्य हे आपलं दुसरं अणुव्रत. सिनेमासाठी तीर्थाचं नाव पुढे करणं त्यात बसत नाही. शिवाय त्याने तीर्थाचाही मान राहत नाही. तीर्थ, लग्न आणि दवाखाना, या तीन कारणांशिवाय आपल्या घरची बाई गाव सोडू शकत नाही, हेच आपण त्या खोटेपणाने कबूल करतो. मला वाटतं, तिने जावं आणि सरळ सांगून जावं.

हा महोत्सव 2012 साली रितू सरीन आणि तेन्झिंग सोनम या माहितीपट करणाऱ्या दांपत्याने सुरू केला. तिथे स्पर्धा नाही, बक्षिसं नाहीत. मोठ्या कंपन्यांच्या पाठबळाशिवाय केलेले सिनेमे दाखवतात आणि अनेकदा दिग्दर्शक समोर बसून प्रश्नांना उत्तरं देतात. अलीकडच्या वर्षांत तो तिबेटी मुलांच्या शाळेच्या आवारात होतो.

आता आक्षेप. पहिला चातुर्मासाचा, आणि तो खरा आहे. 2024 ला महोत्सव 7 ते 10 नोव्हेंबर होता, 2025 ला 30 ऑक्टोबर ते 2 नोव्हेंबर. दोन्ही वेळा कार्तिक पौर्णिमा व्हायची होती. दिगंबर भगिनींचा चातुर्मास दिवाळीच्या अमावास्येला पूर्ण होतो, आपला श्वेतांबरांचा पौर्णिमेला. ज्या बहिणीने चातुर्मासात गाव न सोडण्याचं पच्चक्खाण घेतलं असेल तिने जाऊ नये, यात वाद नाही. पण ज्या घरात त्याच दिवसांत भाऊबीजेला पुणे-सुरत होतं, त्या घराने सुनेला मात्र चातुर्मास आठवून द्यावा, हे बरोबर नाही.

दुसरा आक्षेप खाण्यापिण्याचा. तिथे दुकानोदुकानी मोमो आणि थुक्पा. भाजीचे मोमो म्हटले तरी कांदा-लसूण असतोच, आणि वाफवायचं भांडं वेगळं असेल याची खात्री नाही. म्हणून खाखरे, मेथीचे ठेपले, मुगाची सुकी डाळ, लसणाशिवाय शेंगदाण्याची चटणी घरून न्यावी. पाणी उकळून मागावं. त्या दिवसांत तिथे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, त्यामुळे चौविहार करणाऱ्यांनी दुपारचा एक खेळ सोडावा आणि पाचच्या आत जेवून घ्यावं. संध्याकाळचा खेळ मग निवांत बघता येतो. चांदूरहून नागपूर, दिल्ली, पठाणकोट आणि पुढे सुमारे 90 किलोमीटर रस्ता, एवढा शिधा सांभाळायचा आहे. आपण शिखरजीला याहून जास्त सांभाळतो.

तिसरा आक्षेप सर्वांत मोठा: सिनेमा म्हणजे प्रमाद, त्याने राग-द्वेष वाढतात. काही सिनेमांनी वाढतातच. पण रोज रात्री घराघरांत दोन-दोन तास सासू-सुनांच्या कारस्थानांच्या मालिका चालतात, तेव्हा प्रमादाची आठवण कोणाला होत नाही. निवड केली तर सिनेमा विचारही करायला लावतो.

उदाहरण आपल्याच घरातलं देते. आनंद गांधी यांचा 'शिप ऑफ थिसियस' 2013 च्या जुलैमध्ये आपल्याकडे प्रदर्शित झाला. त्यात मैत्रेय नावाचे एक साधू आहेत, नीरज कबी यांनी ती भूमिका केली आहे. पंथ काल्पनिक आहे, पण आचार पाहून आपल्याला लगेच ओळख पटते. प्राण्यांवर औषधांचे प्रयोग होऊ नयेत म्हणून ते न्यायालयात लढतात. मग त्यांचं यकृत निकामी होऊ लागतं, आणि जगवणारी औषधं त्याच प्रयोगांतून आलेली असतात. ते औषध नाकारतात, अन्नत्यागाकडे वळतात. पुढे काय होतं ते तुम्हीच पाहा.

दोन वर्षांनी, 10 ऑगस्ट 2015 ला, राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा बेकायदा ठरवला. देशभर आपला समाज मूक मोर्चात उतरला. 31 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. तेव्हा शेजारणींनी, मुलांच्या शिक्षकांनी आपल्याला विचारलं, "संथारा म्हणजे आत्महत्या नाही तर काय?" आपल्यापैकी किती जणींना शांतपणे उत्तर देता आलं? "आमच्या धर्मात आहे" यापुढे बोलणं जात नव्हतं. जगण्याची ओढ आणि व्रत यांच्यामध्ये सापडलेल्या माणसाच्या मनात काय चालतं, हा प्रश्न त्या सिनेमाने आधीच मांडला होता. त्याचं उत्तर सगळं पटेलच असं नाही. पण तो पाहून महासतीजींना चार प्रश्न विचारले असते, तर त्या ऑगस्टमध्ये आपल्या तोंडी शब्द असते.

असे सिनेमे आपल्या तालुक्याच्या टॉकीजला फारसे येत नाहीत. मोबाईलवर काही मिळतात, पण भाजी निवडत, मध्ये तीनदा उठून पाहिलेला सिनेमा मनात उतरत नाही. अंधारात दोन तास अखंड बसणं, मग ज्याने तो केला त्याला विचारणं, यासाठी घराबाहेर पडावं लागतं. सामायिकाला आपण 48 मिनिटं एका जागी का बसतो, हे ज्यांना कळतं त्यांना हेही कळेल.

म्हणून सासूबाईंनो, सून म्हणाली "सिनेमाला जाते," तर कोणते सिनेमे, कोण सोबत, जेवणाचं काय, हे अवश्य विचारा. दोघी-तिघी मिळून जाऊ द्या. तिचं सामायिक चुकू नये म्हणून आसन आणि मुहपत्ती बॅगेत आठवणीने ठेवा. आणि परत आल्यावर तिने काय पाहिलं ते पूर्ण ऐकून घ्या.