पेठांपलीकडचा भूगोल
पदवी पदरी पडल्यावर पुण्यात पदव्युत्तर भूगोलाची शाखा निवडू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला भूरूपशास्त्राच्या भव्यतेपुढे आणि संगणकीय नकाशांच्या बाजारभावापुढे मानवी भूगोल निस्तेज वाटावा, यात नवल नाही. परंतु ज्या शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतर्फे हाती घेऊन १९४५ व १९५२ साली दोन खंडांत सिद्ध केली, जेथे पेशवे दफ्तराचे रुमाल आजही अभ्यासकाची वाट पाहत आहेत, आणि जेथे १९६१ च्या पानशेत-प्रलयाने नदीकाठची बिऱ्हाडे उचलून गोखलेनगरासारख्या वसाहतींत नेली, तेथे या विषयाची सामग्री वेशीबाहेर शोधावी लागत नाही. २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांतील गावठाणाचे, पाण्याचे आणि सातबाऱ्यावरील जिराईत जमिनीचे पुढे काय होते, हा प्रश्न मला कोणत्याही उपग्रहचित्राहून अधिक चित्तवेधक वाटतो (चित्रही लागतेच, हे कबूल). विशेषीकरण मात्र नावावर भाळून पत्करू नये. ‘नागरी’, ‘लोकसंख्या’, ‘आरोग्य’ ही बिरुदे माहितीपुस्तिकेत सुरेख दिसतात, पण क्षेत्रपाहणीला दिवस किती, संख्याशास्त्र शिकविणार कोण, आणि प्रबंधाचा विषय स्वतः ठरविण्याची मुभा आहे की नाही, याची चौकशी शुल्क भरण्यापूर्वीच करावी.