पोहता येते, एवढ्यावर पोराला समुद्रावर धाडू नका



परवा एका कांद्याच्या प्लॉटवर गेलो होतो. पाहणी उरकली आणि विहिरीच्या कठड्यावर चहा घेत बसलो. मालक म्हणाले, "साहेब, करप्याचं राहू द्या, ह्या पोराचं काही तरी सांगा. बारावी झालाय. मालवणला सहलीला गेला, पाण्याखाली जाऊन आला आणि तेव्हापासून एकच धोशा. म्हणतो, टाकी पाठीला बांधून लोकांना समुद्र दाखवायचं काम करणार. आता ही काय नोकरी झाली का?"

पोरगं बाजूलाच उभं होतं. विहिरीत मुटका मारण्यात गावात त्याचा हात धरणारा कोणी नाही. मोटारीचा फुटव्हॉल्व्ह गाळात रुतला की आजूबाजूचे लोक त्यालाच हाक मारतात.

कृषी खात्याच्या माणसाने समुद्राच्या गोष्टी कशाला सांगाव्यात, असे कोणी म्हणेल. पण एकरभर कोरडवाहूवर दोन भावांचे भागत नाही, हे आपण रोज पाहतो. पोरगं नवीन वाट विचारत असेल तर बापाला ती वाट नीट माहीत पाहिजे. म्हणून चौकशी करून जे कळले ते मांडतो.

पहिली गोष्ट, हे काम खरे आहे. आपल्या सिंधुदुर्गात मालवण-तारकर्लीला पर्यटकांना पाण्याखाली नेण्याचा धंदा चांगला रुजला आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले, आणि त्याच परिसरातली प्रवाळे आणि मासे बघायला लोक येतात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कुबा डायव्हिंग शिकवणारी संस्था उभी केली. मच्छीमारांच्या मुलांनी हे काम शिकून घेतले. गोवा, कर्नाटकातील मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट, अंदमान, लक्षद्वीप या ठिकाणीही हेच काम चालते. पुण्या-नगरकडच्या पर्यटकाला पाण्यात उतरण्याआधी धीर द्यायला मराठी बोलणारा माणूस लागतो. तेव्हा आपल्या पोराची मराठी तिथे भांडवल आहे. पण मालवणात स्थानिक मुले आधीच आहेत, हेही ध्यानी घ्यावे. अंदमानात जायचे तर इंग्रजी आणि हिंदी लागणारच.

दुसरी गोष्ट, सहलीत वीस मिनिटे पाण्याखाली जाणे म्हणजे शिक्षण नव्हे. तिथे दुसऱ्याने आपल्याला धरून नेलेले असते. बैलगाडीत बसून बाजारला गेलो म्हणून बैल हाकता येत नाहीत, तसेच हे.

शिक्षणाला पायऱ्या आहेत. 'पॅडी' या जगभर चालणाऱ्या संस्थेची पद्धत सांगतो. पहिली पायरी 'ओपन वॉटर', म्हणजे १८ मीटरपर्यंत. दुसरी 'अ‍ॅडव्हान्स्ड', म्हणजे ३० मीटरपर्यंत. तिसरी 'रेस्क्यू', म्हणजे बुडणाऱ्याला आणि घाबरलेल्याला सोडवणे. त्याच्या जोडीला प्रथमोपचार. त्यानंतर 'डाइव्हमास्टर'. इथून पगाराचे काम सुरू होते, कारण इथून तुम्ही दुसऱ्यांना घेऊन पाण्यात उतरता. यासाठी वय १८ पूर्ण लागते, डॉक्टरचा दाखला लागतो, आणि प्रमाणपत्र हाती येईपर्यंत ६० बुड्यांची नोंद वहीत असावी लागते. न थांबता ४०० मीटर पोहणे, १५ मिनिटे जागेवर तरंगणे, निपचित पडलेल्या माणसाला १०० मीटर ओढत आणणे, अशा परीक्षा असतात. लेखी परीक्षा वेगळी. शिकवणारा, म्हणजे इन्स्ट्रक्टर व्हायचे तर १०० बुड्या पाहिजेत.

आता हा खटाटोप कशासाठी? आपण साठ फुटी विहिरीत तळ गाठून येतो की! बंधूंनो, फरक इथेच आहे. आपण वरून छातीत हवा भरून जातो आणि तीच हवा घेऊन वर येतो. टाकीवाला मात्र खाली, दाबाखाली श्वास घेतो. ३३ फुटांवर दाब दुप्पट होतो. तिथे छाती भरून घेतली आणि श्वास कोंडून वर आला, तर ती हवा वर येता येता दुप्पट फुगते. फुगा फुटावा तसे फुप्फुस फाटते. विहिरीत श्वास कोंडणे ही आपली पहिली सवय. टाकी लावल्यावर तीच सवय जीव घेते. म्हणजे आपला पट्टीचा पोहणारा तिथे नुसता नवखा नसतो, त्याला आधीची सवय मोडून काढावी लागते.

टाकीत ऑक्सिजन असतो, हाही एक गैरसमज. असते ती साधी हवाच, पण मोटारसायकलच्या चाकातल्या हवेच्या साधारण शंभर पट दाबाने भरलेली. ती भरणारा कॉम्प्रेसर खास श्वासासाठीचा असतो. काही हुशार मंडळी पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची नळी तोंडात धरून विहिरीत उतरायची युक्ती सांगतात. हात जोडून सांगतो, असे करू नका. त्या हवेतून तेलाची वाफ आणि इंजिनाचा विषारी धूर छातीत जाऊ शकतो.

आणखी एक. खाली जास्त वेळ राहिल्यावर घाईने वर आले तर रक्तात वायूचे बुडबुडे होतात, सांधे धरतात, लकवाही मारू शकतो. म्हणून सावकाश वर यायचे, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, हा नेम. ज्याचा कान वाहतो, ज्याला दमा आहे किंवा फिट येते, त्याने आधी डॉक्टर गाठावा. विहिरीत पोहणाऱ्या पोरांचे कान किती वाहतात, हे आयांना विचारा.

खर्चाचे बोलू. पहिल्या पायरीलाच पाच आकडी रक्कम जाते. डाइव्हमास्टरपर्यंत एकूण खर्च लाखाच्या पुढे सहज जातो. तेव्हा एकदम सगळी फी भरू नका, आणि याच्यासाठी दुभती गाय विकू नका. आधी पहिली पायरी करू द्या. पोराचे कान, मन आणि अभ्यास टिकतो का, ते बघा. मग पुढचे. फी भरण्यापूर्वी विचारा : प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे? एका शिक्षकामागे किती मुले? बोटीवर ऑक्सिजनची सोय आहे का? नोकरी देत असतील तर नेमणूक लेखी देता का, विमा कोणाचा? 'महिनाभर फुकट राबा, मग बघू' म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत या.

हंगामाचे गणित मात्र आपल्याला सोयीचे आहे. कोकणात पावसाळ्यात हे काम बंद राहते. म्हणजे खरिपाच्या पेरणीला, खुरपणीला पोरगं घरी. ऑक्टोबर ते मे समुद्रावर. रब्बीच्या कांदा लागणीला मात्र मजूर लावावा लागेल, तो खर्च आजच धरा.

आता सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांच्यासाठी दोन शब्द. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात सुगाव येथे प्रवरेत बुडालेल्याचा शोध घेणाऱ्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. ती शिकलेली, साहित्य असलेली माणसे होती. त्याच्या आदल्याच महिन्यात नेवासा तालुक्यात वाकडी येथे शेणाच्या स्लरीने भरलेल्या विहिरीत मांजर काढायला एकामागून एक उतरलेले पाच जण दगावले. तरीही नदीत कोणी बुडाले की आपण काठावर उभे राहून म्हणतो, "अमक्याच्या पोराला बोलवा, तो पट्टीचा पोहतो." ते पोरगं नाही म्हणू शकत नाही. गावाची लाज असते ना!

एक स्पष्ट सांगतो. डाइव्हमास्टरचे कार्डही प्रेत शोधण्याचे किंवा धरणाच्या दाराशी काम करण्याचे नसते, ते शिक्षण वेगळे आहे. आपल्या जिल्ह्याची जमीन समुद्रसपाटीपासून बरीच उंच. ३०० मीटरच्या वर टाकी लावून उतरायचे तर समुद्रावरचे हिशेब बदलतात. म्हणून उद्या एखादा पोरगा शिकून आला तरी त्याला भंडारदऱ्यात किंवा मुळा धरणात ढकलू नका. त्यापेक्षा ग्रामपंचायतीने लांब दोर, हवा भरलेल्या ट्यूब, चार लाइफ जॅकेट एवढे तरी ठेवावे. घटना घडताच ११२ ला आणि तहसीलला कळवावे. शिकून आलेल्या पोराकडून शाळेतल्या मुलांना पोहणे आणि छाती दाबून श्वास चालू करणे शिकवून घ्यावे. गावाला त्याचा खरा उपयोग तो आहे.

त्या कांद्याच्या शेतावर मी पुन्हा गेलो. पोराला एकच प्रश्न विचारला, "बोट भरली आहे, लोकांनी पैसे भरलेत, मालक उतर म्हणतो आणि तुला पाणी बरोबर वाटत नाही. काय करशील?" पोरगं गप्प राहिलं. मग म्हणालं, "उतरणार नाही. कोणालाच उतरू देणार नाही."

वडिलांना म्हटले, पहिल्या पायरीची फी भरा. पाण्याखालच्या वाटाड्याचे काम लोकांना खाली नेण्याचे कमी आणि सगळ्यांना वर आणण्याचे जास्त. मुटका मारणारी पोरे आपल्याकडे गावोगाव आहेत. 'आज नाही' म्हणणारे पोरगं घरात असेल, तरच त्याला या वाटेने धाडा.