चाक केव्हा बांधावे?

शाळेची वेळ जवळ आली, म्हणजे सोनईकडे येणाऱ्या वाटा सायकलींच्या घंटांनी जाग्या होतात. अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील हे मोठे गाव. भोवती उसाचे मळे, जवळच मुळा सहकारी साखर कारखाना आणि मळ्यामळ्यांतून विखुरलेल्या वस्त्या. वस्तीवरच्या मुलांना शाळा गाठण्यासाठी सायकलीसारखा दुसरा सोबती नाही. गळिताचा हंगाम सुरू झाला, की उसाने भरलेल्या गाड्यांखाली रस्ता उखणतो. आणि मग कधी एखादी विद्यार्थिनी सायकल हाताने ढकलीत पायी जाताना दिसते. मागचे चाक दर फेऱ्याला चिमट्याला घासत असते. शाळेची घंटा केव्हाच झालेली असते. तो दिवस परीक्षेचा असला, तर तिच्या जिवाची काय घालमेल होत असेल!

अशा वेळी सारा दोष खड्ड्याच्या माथी मारला जातो. खड्डा निर्दोष असतो असे नाही; परंतु बहुतेक वेळा त्याने शेवटचा धक्का तेवढा दिलेला असतो. चाक त्यापूर्वी कितीतरी दिवस कमकुवत होत आलेले असते. ते कसे, हे समजण्यासाठी चाकाची रचना पाहिली पाहिजे.

जुन्या बैलगाडीचे चाक लाकडी असे. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले जाड आरे, बाहेर लाकडी घेर आणि त्यावर लोखंडी धाव. गाडीचा भार खालच्या आऱ्यांवर, घराचा भार खांबांवर असावा तसा, उभा राहत असे. सायकलीच्या चाकात मात्र सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या तारा असतात. अशी एक तार उभी धरून वरून दाबली, तर ती तत्काळ वाकते. मग तीच तार माणसाचा भार कशी पेलते? चाक बांधताना सर्व तारा हब आणि रिम यांच्यामध्ये ताणून बसविलेल्या असतात, यात तिचे सामर्थ्य आहे. प्रत्येक तार रिमला आत ओढते आणि या चहूबाजूंच्या ओढीमुळे रिम गोल व सरळ राहते. डाव्या बाजूच्या तारा रिमला डावीकडे ओढतात, उजव्या बाजूच्या उजवीकडे. दोघींचा ताण जुळला, की चाक मधोमध फिरते.

चाक जमिनीवर टेकते, तेथल्या तारांचा ताण भारामुळे क्षणभर कमी होतो आणि चाक पुढे फिरताच पूर्ववत होतो. अठ्ठावीस इंची सायकलीचे चाक एका किलोमीटरात सुमारे साडेचारशे फेरे घेते. पाच किलोमीटरांवरून रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याच्या चाकातील प्रत्येक तार दिवसाकाठी साडेचार हजार वेळा ढिली होते व ताणली जाते. शाळेचे दोनशे दिवस धरले, तर हा आकडा नऊ लाखांवर जातो. लोखंडी तार वारंवार मागेपुढे वाकविली, म्हणजे तुटते, हे लहान मूलही जाणते. चाकातील तारही अशीच थकते आणि बहुधा हबजवळ जेथे तिला बाक दिलेला असतो, तेथेच तुटते.

तार चांगली ताणलेली असली, तर हा थकवा सावकाश येतो. ती सैल असली, तर दर फेऱ्यात ती पुरती ढिली पडते, बाकापाशी हलते आणि लवकर तुटते. तिच्या वाट्याचे काम शेजारच्या तारांवर पडते. त्या थकतात, मग त्यांच्या शेजारच्या. एक तार तुटल्यावर चाक 'आउट' होते, म्हणजे डोलू लागते. तरीही तसेच दामटले, की काही दिवसांत दुसरी व तिसरी तार जाते. मागच्या चाकावर हा प्रसंग अधिक येतो. कारण बसणाराचा बराचसा भार, कॅरिअरवरचे ओझे आणि पायडलचा जोर ही सारी त्याच्यावर असतात. म्हणूनच जुन्या काळ्या, उंच सायकलींच्या पुढच्या चाकात 32, तर मागच्या चाकात 40 तारा घालण्याची पद्धत पडली.

सैल तार शोधण्यास मोठ्या विद्येची गरज नाही. चाक उचलून फिरवावे आणि रिम व चिमटा यांतील फट सर्वत्र सारखी राहते का, ते पाहावे. एकाच बाजूच्या तारांना बोटाने एकेक टिचकी मारावी. सारख्या ताणाच्या तारांचा आवाज जवळजवळ सारखा येतो. सैल तार भद्द वाजते. टायरमधील हवाही पाहावी. हवा कमी असेल, तर दगडाचा आघात थेट रिमवर बसतो आणि ती चेपते. या तपासणीला दहा मिनिटे पुरतात.

दोष सापडल्यावर काय करावे, याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, "चाक चालते आहे ना? मग खर्च कशाला?" दुसरे म्हणतात, "जुने टाका, नवे तयार चाक आणा." ही दोन्ही मते उचित नव्हेत. एखादीच तार तुटली असेल, तर तेवढीच बदलून चाकाचा आउट काढावा. त्यासाठी सबंध चाक टाकणे ही उधळपट्टी होय. परंतु नीट ताणलेल्या चाकातही महिन्या-दोन महिन्यांत एकामागून एक तारा तुटू लागल्या, तर उरलेल्याही थकल्या आहेत असे समजावे. अशा वेळी दर आठवड्याला एक तार घालीत राहणे म्हणजे विटलेल्या कापडाला ठिगळे लावणे आहे. हब चांगला असेल, तर तो ठेवून सर्व तारा नव्या घालाव्यात आणि चाक नव्याने बांधून घ्यावे.

रिमचीही परीक्षा करावी. काही तारा अतिशय घट्ट व काही अगदी सैल ठेवल्यावाचून रिम सरळ होत नसेल, तर ती मुळातच वाकली आहे. तारांच्या भोकांभोवती तडे गेले असतील, अथवा गंजाने तिला खाल्ले असेल, तर ती बदलावीच. तेथे केलेली काटकसर एखाद्या उतारावर हातपाय मोडण्यास कारण होईल. नवीन चाकही निष्काळजीपणाला क्षमा करीत नाही. थोडे दिवस चालविल्यावर त्याच्या तारा जागेवर बसून किंचित ढिल्या होतात, म्हणून ते एकदा पुन्हा तपासून घ्यावे लागते.

हे काम करणाऱ्या कारागिराकडे पाहण्याची दृष्टीही बदलली पाहिजे. पत्र्याच्या टपरीत बसून, कान व डोळे चाकाकडे लावून, पाव पाव फेऱ्याने ताण जुळविणारा माणूस खरी विद्या जाणतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. सायकली विकण्याबरोबर त्या दुरुस्त करण्याचेही काम त्या दुकानात चाले. पुढे त्यांनीच शेतकऱ्यांसाठी लोखंडी नांगर तयार केला आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडीची उभारणी सुरू केली. यंत्राला हात लावून त्याचे मर्म जाणण्याची सवय एवढ्या मोठ्या उद्योगापर्यंत पोहोचू शकते. मुलांनी टपरीवर चाक टाकून निघून न जाता थोडा वेळ तेथे उभे राहावे आणि कारागीर कोणती तार आवळतो व कोणती सोडतो, हे पाहावे.

महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण भागातील अनेक गरजू विद्यार्थिनींना सायकली मिळाल्या. ही योजना स्तुत्य आहे. तथापि सायकल मिळाल्याने शाळेची वाट जवळ येते, ती सायकल चालती असेल तोवरच. वर्षभरात तिचे चाक मोडले आणि ती गोठ्याच्या भिंतीला टेकून राहिली, तर पाच किलोमीटरांची वाट पुन्हा पाच किलोमीटरांची होते. ज्या घरी दुसरे वाहन नाही, तेथे त्या मुलीची शाळाच धोक्यात येते. म्हणून सायकलीसोबत तारा आवळण्याची चावी मुलांच्या हाती यावी आणि ती वापरण्याचे शिक्षण शाळेने द्यावे. आठवड्यातून एक तास त्यासाठी दिला, तर तो अभ्यासातून वजा झाला असे कोणी मानू नये. त्या तासात विज्ञान आहे, गणित आहे आणि आपली वस्तू आपण राखण्याचा धडाही आहे.

रविवारी संध्याकाळी वस्तीवरच्या अंगणात सायकल उलटी करून तिच्या तारांना टिचकी मारणारी मुलगी सोमवारी शाळेत वेळेवर पोहोचेल. तिच्या वाटेवरचे खड्डे बुजविणे हे मोठ्या माणसांचे कर्तव्य आहे. ते त्यांनी टाळू नये. मात्र खड्डे बुजेपर्यंत तिचे चाक टिकले पाहिजे, आणि ते टिकविणे बऱ्याच अंशी तिच्या हाती आहे.