व्यत्यासालाही सिद्धता लागते

दहावीच्या कोणत्याही वर्गात दोन प्रश्न शेजारी शेजारी द्या. ९ सेमी, ४० सेमी आणि ४१ सेमी बाजू असलेला त्रिकोण काटकोन त्रिकोण आहे का? आणि ४ सेमी, ५ सेमी, ६ सेमी बाजू असलेला? उत्तरे बहुतेकांची बरोबर येतील. ८१ आणि १६०० मिळून १६८१, म्हणजे ४१ चा वर्ग. पहिला काटकोन त्रिकोण आहे. १६ आणि २५ मिळून ४१, पण ६ चा वर्ग ३६, दुसरा नाही. आता कारण पाहा. कंसात लिहिलेले कारण दोन्हीकडे बहुधा एकच असते. कुणी दोन्हीकडे ‘पायथागोरसचे प्रमेय’ लिहितो, कुणी दोन्हीकडे ‘व्यत्यास’. पण दोन्हींचे कारण एक असूच शकत नाही. पहिल्या उत्तराला व्यत्यास हवा, कारण तिथे आपण बाजूंवरून कोन ठरवतो. दुसऱ्याला व्यत्यासाची गरजच नाही, मूळ प्रमेय पुरते: त्रिकोण काटकोन असता तर वर्गांची बेरीज जुळली असती, ती जुळत नाही, म्हणून तो काटकोन त्रिकोण नाही.

गठ्ठा मोठा, वेळ थोडा आणि उत्तर बरोबर असले की तपासणारा कंसाकडे फार पाहत नाही. तरीही मुलाला सशर्त विधान कळले की नाही, ते त्या कंसातच कळते. म्हणून या वेळचे संपादकीय त्या कंसाबद्दल आहे.

नववीच्या भूमितीत पहिल्याच प्रकरणात सशर्त विधाने आणि व्यत्यास येतात. पूर्वांग, उत्तरांग, पक्ष, साध्य हे शब्द येतात. मुले चार विधाने जर-तर रूपात लिहितात, त्यांच्या बाजू उलटवतात आणि प्रकरण संपते. नंतर थेट बारावीच्या तर्कशास्त्राच्या प्रकरणात सत्यता सारणीसह तोच विषय पुन्हा भेटतो. मधल्या काळात शिकवलेले प्रत्येक प्रमेय सशर्त विधानच असते, पण तसे कोणी म्हणत नाही. ‘आयताचे कर्ण एकरूप असतात’ या वाक्यात जर नाही, तर नाही. त्यामुळे त्यात पक्ष कोणता आणि साध्य कोणते, हे विचारण्याची वेळच येत नाही.

मुलांची अडचण खरी आहे आणि ती घरच्या भाषेतून येते. ‘पास झालास तर सायकल घेऊन देईन’ असे आई म्हणते, तेव्हा तिच्या मनात ‘तरच’ असते आणि मुलालाही तेच ऐकू येते. व्यवहारात यात काही वावगे नाही. पण शब्दशः पाहिले तर तिचा शब्द एकाच प्रसंगी मोडतो: मूल पास झाले आणि सायकल आली नाही. नापास होऊनही सायकल मिळाली, तर दिलेला शब्द मोडलेला नाही. सत्यता सारणीतल्या चार ओळींपैकी तीन सत्य आणि एकच असत्य का, याचे उत्तर एवढेच आहे. इसवी सनापूर्वी मेगाराच्या फिलोने सशर्त विधानाची हीच कसोटी सांगितली होती. बारावीला सारणी पाठ करून घेण्याआधी ही चर्चा वर्गात पाच मिनिटे झाली, तर पाठांतराची गरज उरत नाही.

मोठ्यांनाही हे सहज जमत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये मांडलेला पत्त्यांचा प्रश्न आपल्या अक्षरांत असा देता येईल. टेबलावर चार पत्ते आहेत: अ, क, ४ आणि ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या. नियम असा की, एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम खरा की खोटा हे ठरवायला कोणते पत्ते उलटावे लागतील? बहुतेक लोक अ आणि ४ सांगतात. बरोबर उत्तर अ आणि ७. अशा प्रयोगांत ते देणारे दहा टक्क्यांहूनही कमी निघाले. ४ उलटणारा माणूस न कळत व्यत्यास तपासतो. ७ सोडून देणाऱ्याला हे दिसत नाही, की सम संख्या नसेल तर मागे स्वर नसला पाहिजे. पुढे १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी हाच प्रश्न बिअर पिणाऱ्याचे वय तपासण्याच्या रूपात विचारला, तेव्हा जवळपास तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी तो बरोबर सोडवला. म्हणजे तर्क माणसाकडे असतो. कोऱ्या चिन्हांपुढे तो अडखळतो. भूमितीत समोर आकृती असते, मोडून पाहता येईल असा आकार असतो. सशर्त विधान शिकवायला याहून चांगली जागा अख्ख्या अभ्यासक्रमात नाही, असे आमचे ठाम मत आहे.

आपल्या परंपरेत यासाठी फार नेमकी साधने आहेत आणि वर्गात ती क्वचितच वापरली जातात. न्यायदर्शनात डोंगरावरच्या धुराचे उदाहरण प्रसिद्ध आहे: जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. याच नियमाची दुसरी बाजू: जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, जसे सरोवर. पहिली अन्वयव्याप्ती, दुसरी व्यतिरेकव्याप्ती. बारावीचे शिक्षक ज्याला काँट्रापॉझिटिव्ह म्हणतात, तो हाच व्यतिरेक. मूळ विधान खरे तर तोही खरा. आता विधान उलटवा: जिथे अग्नी तिथे धूर. नैयायिकांनी याला लालबुंद तापलेल्या लोखंडी गोळ्याचे प्रतिउदाहरण दिले. त्यात अग्नी आहे, धूर नाही. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. उलट विधानात कोणती अट कमी पडते, हेही त्यांनी सांगितले: ओले सरपण. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात ही अट ‘उपाधी’ म्हणून येते.

भूमितीच्या तासाला नेमके हेच करायचे आहे. चौकोन आयत असेल तर त्याचे कर्ण एकरूप असतात. व्यत्यास? समद्विभुज समलंब चौकोनाचे कर्णही एकरूप असतात आणि तो आयत नसतो. मग कोणती अट घातली म्हणजे व्यत्यास खरा होईल? कर्ण परस्परांना दुभागतातही, असे म्हटले की चौकोन आयतच ठरतो. ही अट मुलांना शोधू द्यावी. समभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना लंब असतात. तिथे पतंगाचा आकार प्रतिउदाहरण देतो आणि अट पुन्हा तीच लागते.

व्यत्यास खरा असला तरी तो मूळ प्रमेयाबरोबर फुकट मिळत नाही. युक्लिडच्या पहिल्या खंडातले २७ वे प्रमेय सांगते, की व्युत्क्रम कोन एकरूप असतील तर रेषा समांतर असतात. ते पाचव्या गृहीतकाशिवाय सिद्ध होते. त्याचा व्यत्यास, म्हणजे रेषा समांतर असतील तर व्युत्क्रम कोन एकरूप असतात, हे २९ वे प्रमेय. तिथे युक्लिडला पाचवे गृहीतक पहिल्यांदा वापरावे लागले. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोल्याय यांनी ज्या भूमिती मांडल्या, त्यांत २७ वे प्रमेय टिकते आणि २९ वे कोसळते. आपल्या पाठ्यपुस्तकात समांतर रेषांचे गुणधर्म आणि समांतर रेषांच्या कसोट्या वेगळ्या दिल्या आहेत, त्यामागे एवढे मोठे अंतर आहे. गुणधर्म लागू करायचा तर रेषा समांतर असल्याचे आधी माहीत हवे. तेच सिद्ध करायचे असेल तर कसोटी हवी. मुले सिद्धतेत साध्यच पक्ष म्हणून वापरतात, तेव्हा बहुतेकदा त्यांनी कसोटीच्या जागी गुणधर्म लिहिलेला असतो.

कधी व्यत्यास मूळ प्रमेयाहून कितीतरी अवघड असतो. समद्विभुज त्रिकोणात पायालगतच्या कोनांचे दुभाजक समान लांबीचे असतात, हे नववीतले मूल कोबाको कसोटीने चार ओळींत सिद्ध करते. उलट, दोन कोनदुभाजक समान असतील तर त्रिकोण समद्विभुज असतो, याची शुद्ध भौमितिक सिद्धता लेहमस यांनी १८४० मध्ये स्टुर्म यांना पत्राने मागितली, आणि ती प्रथम देणाऱ्यांत श्टायनर यांच्यासारखा भूमितिज्ञ होता. आज माहीत असलेल्या सोप्या सिद्धतांपैकी एक व्यतिरेकाच्या वाटेने जाते: कोन असमान असतील तर लहान कोनाचा दुभाजक मोठा असतो. हुशार मुलांपुढे हा प्रश्न जरूर ठेवा, आठवडाभर पुरेल.

या सत्रात प्रत्येक प्रमेयाची सिद्धता फळ्यावर संपली की त्याचा व्यत्यास मुलांकडून लिहून घ्या, तो खरा आहे का ते विचारा, आणि खोटा असेल तर प्रतिउदाहरणाची आकृती त्यांनाच काढू द्या. घटक चाचणीत ४, ५, ६ चा त्रिकोण ९, ४०, ४१ च्या शेजारी ठेवा आणि कारणाला स्वतंत्र गुण द्या. मुलांनी शोधलेली प्रतिउदाहरणे आकृतीसह आमच्याकडे पाठवा. निवडक आकृत्या आम्ही छापू.