लायकी ठरवणारा हात कोणाचा?

नोकरीत बढती कोणाला मिळते, या प्रश्नाचे प्रस्थापितांकडून मिळणारे उत्तर ठरलेले आहे : ज्याची लायकी असेल त्याला. लायकी ही जणू धान्यासारखी तराजूत घालून जोखता येणारी वस्तू आहे, आणि तराजू कोणाच्या हाती आहे हे विचारण्याचे काही कारण नाही, असे या उत्तरात गृहीत धरलेले असते. अमेरिकेतील एका खटल्याने हे गृहीतक उघडे पाडले. त्याचा तपशील आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखा आहे.

प्राइस वॉटरहाउस या हिशेबतपासणीच्या बड्या पेढीत १९८२ साली ६६२ भागीदार होते आणि त्यांत स्त्रिया अवघ्या सात. त्या वर्षी भागीदारीसाठी ८८ नावे पुढे आली. त्यांतील एकमेव स्त्री म्हणजे अ‍ॅन हॉपकिन्स. परराष्ट्र खात्याचे अडीच कोटी डॉलरचे कंत्राट दोन वर्षे खपून त्यांनी पेढीला मिळवून दिले होते. मोठी कंत्राटे मिळवण्यात त्या वर्षीच्या दुसऱ्या कोणाही उमेदवाराची कामगिरी त्यांच्या तोडीची नव्हती, असे पुढे न्यायालयाने नोंदवले. तरीही त्यांचे नाव लांबणीवर टाकण्यात आले, आणि पुढील वर्षी ते सुचवण्यासही त्यांच्या कार्यालयाने नकार दिला. भागीदारांच्या लेखी अभिप्रायांत त्या पुरुषी आहेत, त्यांनी शिष्टाचाराच्या शाळेत जावे, असे शेरे होते. पाठीराख्या म्हणवणाऱ्या भागीदाराने त्यांना सल्ला दिला तो चालण्याबोलण्यात बायकीपणा आणण्याचा, रंगभूषेचा आणि दागिने घालण्याचा.

हॉपकिन्स कोर्टात गेल्या. १९८५ च्या सुनावणीत सुझन फिस्क या सामाजिक मानसशास्त्रज्ञ तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या. माणसे एकमेकांविषयी मते कशी बनवतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. भागीदारांच्या मनात काय होते हे आपल्याला दिसते, असा दावा त्यांनी केला नाही. पूर्वग्रहाला कोणती परिस्थिती पोसते, ते त्यांनी सांगितले. गटात एकच स्त्री असली की तिचे स्त्रीपणच सर्वांच्या डोळ्यांत भरते. निकष मोघम असले की ती पोकळी साचेबंद कल्पना भरून काढतात. आणि ज्यांचा हॉपकिन्स यांच्याशी जेमतेम परिचय होता, त्यांचेच काही शेरे अतिशय जहाल होते. माहिती थोडी आणि मत तीव्र, ही पूर्वग्रहाची ओळखीची खूण होय.

यावर आक्षेप आला आणि तो टाकाऊ नव्हता. हॉपकिन्स हाताखालच्या लोकांशी खरोखरच कधीकधी कठोरपणे वागत, हे न्यायालयानेही मान्य केले होते. ज्या बाईंना फिस्क कधी भेटल्या नाहीत, तिच्याविषयीचे शेरे खरे की पूर्वग्रहदूषित हे त्या कशावरून सांगतात, असे विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी विचारले. परंतु प्रश्न हॉपकिन्स कठोर होत्या की नाही, एवढाच नव्हता. कामाला आक्रमकपणा हवा आणि स्त्रीने तो दाखवला की ती अपात्र ठरावी, हा पेच होता. १ मे १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले की, अशा पूर्वग्रहाने निर्णयात भाग घेतल्याचे दिसून आल्यावर, तो नसता तरीही निर्णय तोच झाला असता हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर राहील. १९९० मध्ये खालच्या न्यायालयाने हॉपकिन्स यांना भागीदारी व थकलेला मोबदला देण्याचा हुकूम दिला.

फिस्क यांनी पुढे हा विचार सत्तेपर्यंत नेला. १९९३ साली त्यांनी मांडले की, ज्याचे भवितव्य दुसऱ्याच्या हाती असते तो त्या दुसऱ्याला बारकाईने न्याहाळतो. वरच्याला मात्र खालच्याकडे तसे पाहण्याची गरज नसते, म्हणून त्याचे काम ठोकळ कल्पनांवर भागते. गिरणीतल्या कामगाराला जॉबरची मर्जी कळते, जॉबरला कामगाराचे घर ठाऊक नसते, हे आपण अनुभवाने जाणतोच. २००२ साली फिस्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, लोक इतर समाजगटांना दोन मापांनी मोजतात : जिव्हाळा आणि कर्तबगारी. गृहिणी प्रेमळ पण कमी कर्तबगार, श्रीमंत कर्तबगार पण कोरडे. आणि गरीब व बेघर मात्र दोन्ही मापांत तळाशी! दारिद्र्य लादायचे, आणि त्याच दारिद्र्यावरून माणूस नालायक ठरवायचा, हे दुष्टचक्र याहून स्पष्ट काय दिसायचे?

हा रोग अमेरिकेपुरता नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी भारतातील खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावांचा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोनतृतीयांश होती आणि मुस्लिम नावाला सुमारे एकतृतीयांश. उमेदवाराचे तोंडही न पाहता त्याची लायकी ठरली होती. आणि समान संधीची हमी देणारे राज्यघटनेचे सोळावे कलम राज्याच्या नोकऱ्यांपुरते आहे. या कंपन्यांच्या दारापर्यंत ते पोहोचत नाही.

या संशोधनाचा बाजाराने लावलेला अर्थ उलटाच आहे. व्यक्तिमत्त्व-विकासाचे वर्ग सांगतात : हसा, पोशाख सुधारा, उच्चार बदला, म्हणजे यश मिळेल. हॉपकिन्स यांना मिळालेला सल्ला याहून निराळा नव्हता. जो तोलला जातो त्यानेच बदलावे आणि तराजू तसाच राहावा, अशी ही शिकवण आहे. फिस्क यांच्या साक्षीतून निघणारे उपाय तराजूला हात घालतात. निकष लेखी व आधी जाहीर असावेत. ज्याने उमेदवाराचे काम पाहिले आहे त्यानेच मत द्यावे. नकाराची कारणे लेखी मिळावीत आणि त्यांची दाद मागता यावी. पगारवाढीइतक्याच आग्रहाने या मागण्या कामगार संघटनांनी वाटाघाटीच्या मेजावर ठेवल्या पाहिजेत.

परंतु ही मागणी करण्याचा अधिकार आपल्यालाही मिळवावा लागेल. समितीवर कोणाला घ्यायचे, व्यासपीठावर कोण बोलणार, उमेदवारी कोणाला, हे आपण कोणत्या निकषांवर ठरवतो? ठाम बोलणाऱ्या पुरुष कार्यकर्त्याला आपण तडफदार म्हणतो आणि तशाच बोलणाऱ्या कार्यकर्तीला भांडखोर. सफाईदार भाषा हे वैचारिक परिपक्वतेचे लक्षण मानतो, आणि वस्तीतून आलेल्याचा अडखळता शब्द ऐकून घेण्याआधीच त्याच्याकडे सतरंज्या घालण्याचे काम देतो. फिस्क आणि स्टीव्हन न्यूबर्ग यांच्या १९८७ सालच्या प्रयोगांतून दिसले होते की, आपले फळ दुसऱ्याच्या कामावर अवलंबून आहे असे कळले की माणूस त्या दुसऱ्याकडे व्यक्ती म्हणून लक्षपूर्वक पाहू लागतो. समाजवादी संघटना या परस्परावलंबनावरच उभी राहायला हवी. पुढच्या बैठकीत नावे सुचवताना प्रत्येक नावामागचे कारण लेखी मांडावे. एवढी शिस्त आपण स्वतःला लावली, तर मालकापुढे ती मागताना आपला आवाज अडखळणार नाही.