सरकारी वकील कुणाचा?

मागच्या रमजानमध्ये माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. म्हणाली, "सर, सहायक सरकारी अभियोक्ता पदाचा फॉर्म भरायचाय. पण घरात कुणी राजी नाही." तिच्या मामूंनी विचारले होते, "सरकारी वकील होऊन आपल्याच पोरांना आत टाकणार का?"

मामूंचा राग मला समजतो. आपल्या मोहल्ल्यात वकील म्हणजे जामीन करून देणारा माणूस. समोर उभा असतो तो पोलिसांचा, असे आपण धरून चालतो. कायदा मात्र तसे म्हणत नाही. तपास पोलिसांचा, खटला चालवणे अभियोक्त्याचे. काहीही करून शिक्षा मिळवणे हे त्याचे काम नव्हे. आरोपीच्या बाजूचा पुरावाही त्याने दडवायचा नसतो. त्याची बांधिलकी इन्साफशी.

हे पुस्तकी वाटत असेल तर मालेगाव आठवा. २००६ साली शब-ए-बारातच्या दिवशी तिथे स्फोट झाले. मुस्लिम तरुण पकडले गेले. त्यांतल्या काहींची पाच वर्षे तुरुंगात गेली आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. २९ सप्टेंबर २००८ रोजी, रमजानमध्येच, भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला. सहा जण गेले. त्या खटल्यात रोहिणी सालियन विशेष सरकारी वकील होत्या. आरोपींबाबत मवाळ राहावे असे एनआयएच्या अधिकाऱ्याने आपल्याला सांगितल्याचे त्यांनी २०१५ मध्ये जाहीरपणे म्हटले. एनआयएने ते नाकारले. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. नुसता संशय पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. हे तत्त्व आपल्यालाही मान्य हवे, कारण २००६ च्या पोरांनाही तेच लागू होते.

एकाच गावातले हे दोन खटले. पहिल्यात आपण आरोपी होतो, दुसऱ्यात मयतांचे वारस. दोन्हीकडे एकाच माणसाची गरज होती: कच्च्या पुराव्याला कच्चा म्हणणारा आणि पक्क्या पुराव्यासाठी ठाम उभा राहणारा सरकारी वकील. सालियन मुस्लिम नव्हत्या. म्हणून "आपला माणूस तिथे हवा" एवढेच माझे म्हणणे नाही. इमानदार माणूस हवा, आणि इमानदार माणसे आपल्याही घरांत आहेत, ती तिथवर पोहोचली पाहिजेत.

वाट लांब आहे. सरकारी वकिलाच्या नेमणुकीसाठी किमान सात वर्षांची वकिली लागते, विशेष सरकारी वकिलासाठी दहा. सहायकाची पायरी परीक्षेची. पुढे पद सोडून खासगी वकिली केली तरी शिदोरी वाया जात नाही. पंचनामा कुठे लंगडा आहे, दोषारोपपत्रात काय राहून गेले आहे, हे ज्याने ती बाजू पाहिली त्याला चटकन दिसते. मामूंच्या पोरांचा जामीनही असा वकील अधिक चांगला मांडेल.

आपण बारावीनंतर पोरांना डीएड, बीएड, फार्मसी सुचवतो. मीही वर्गात तेच सुचवत आलो. कायद्याचे नाव निघालेच तर बचावाच्या वकिलापाशी थांबतो. ही माझीही चूक.

तिला म्हणालो, "फॉर्म भर. मामूंशी मी बोलतो." ईदला त्यांच्याकडे गेलो. शीरखुर्मा झाला, वादही झाला. उठताना मी एकच विचारले, "उद्या फिर्यादी तुम्ही असलात, तर तिथे कोण उभे असावे?"

मामू गप्प राहिले. फॉर्म भरला गेला.