शेठ, ही वही बघता का?

(द्वितीय वर्ष, कला)

कॉलेजसमोरच्या टपरीवर आम्ही काम करून शिकणारी मुले जमलो की एक विषय ठरलेला असतो. तो म्हणजे मालकाचा चिकटपणा. कोणी औषधांच्या दुकानात बसतो, कोणी पतसंस्थेसाठी पिग्मी गोळा करतो, मी एका अडत दुकानात दुपारी दोनपासून पट्ट्या काढतो. प्रत्येकाच्या मालकाकडे एखादे रडतखडत चालणारे यंत्र असतेच, आणि ते बदलायला तो तयार नसतोच. त्याची नक्कल करून, हसून आम्ही उठतो. माझे मत मात्र वर्षभरात बदलले आहे. मित्रांना ते रुचणार नाही, तरी लिहितो. मालक खर्चाला भितो असे नाही. जो खर्च त्याच्या खातेवहीत उतरतच नाही, तो त्याला कोणी दाखवत नाही. आणि तो दाखवण्याचे काम यंत्रावर बसणाऱ्याचे आहे.

पट्टी म्हणजे काय, हे शहरातून आलेल्या वाचकांसाठी सांगायला हवे. शेतकऱ्याचा माल विकला की किती गोण्या, किती वजन, काय भाव, हमाली-तोलाई किती कापली आणि निव्वळ हातात किती आले, हे लिहिलेला तो कागद. अर्ध्या पानाचा असतो, पण वर्षभराच्या कष्टाचा तेवढाच पुरावा. २०२३ साली राज्य सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केले, एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंत. अर्जासोबत पट्टी मागत होते. आमचा ४२ क्विंटल कांदा त्या काळात एका दुकानी गेला होता. म्हणजे १४,७०० रुपये. पट्टी वडिलांच्या खिशात घामाने भिजली आणि शाई पसरून वजनाचे आकडे गेले. नव्या पट्टीसाठी वडिलांना तीन हेलपाटे पडले, तीन दिवसांचा रोजगार बुडाला. त्या दुकानाच्या खात्यात यातला एक रुपयाही खर्ची पडला नसेल.

पुढे मी स्वतःच एका दुकानात पट्ट्या छापायला बसलो, तेव्हा तिथेही शाईचाच प्रिंटर निघाला. शेठच्या पुतण्याने चार हजारांत आणलेला. स्वस्त मिळाला म्हणून घरात कौतुक झाले होते. त्याचे कार्ट्रिज ८५० रुपयांचे, आणि ते आमच्या कामाला अडीच-तीन दिवस पुरते. मग १५० रुपयांत शाई भरून आणायची. दोन-तीनदा भरले की ते गळू लागते, अक्षरे तुटतात, पुन्हा नवे. शिवाय प्रत्येक पट्टी दोनदा छापायची, एक शेतकऱ्याला, एक दुकानाला. आवक मोठी असली की रात्रीचे आठ वाजत आणि माझी साडेसहाची एस.टी. चुकत असे. तिकडे शेतकरी ओट्यावर ताटकळत बसलेले.

पहिल्यांदा बोललो तेव्हा अगदी कॉलेजी थाटात बोललो. "शेठ, हा प्रिंटर जुना झाला. आता नवीन टेक्नॉलॉजी आलीय."

"चालतोय ना?"

"चालतोय, पण..."

"मग झालं."

अर्थशास्त्राच्या तासाला नुकताच बुडीत खर्चाचा भाग झाला होता. प्रिंटरवर गेलेले चार हजार आता धरूच नयेत, असे मी समजावू लागलो. शेठ म्हणाले, "बुडीत काय असतं ते आम्हाला नको शिकवू. उधारीची वही दाखवू का?" दुकानातले सगळे हसले. घरी वडिलांनी ऐकले तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "लहान तोंडी मोठा घास घेऊ नको. मशीन भराभर चालायला लागलं तर तुझे तास कमी होतील. आपल्याच पायावर धोंडा कशाला?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पट्ट्या लवकर संपल्या तर मला आठपर्यंत बसवण्याचे शेठना कारण उरणार नव्हते, आणि माझी कॉलेजची फी त्याच पगारातून जाते.

पण वजन पुसलेली ती पट्टी डोळ्यांपुढून जाईना. मग मी बोलणे बंद केले आणि शंभर पानी वही घेतली. महिनाभर रोज लिहिले. किती पट्ट्या निघाल्या, कार्ट्रिज कधी संपले, भरायला किती दिले, किती कागद वाया गेले, कोणाची पट्टी पुन्हा काढावी लागली. महिन्याअखेर बेरीज केली. पंचवीस दिवसांत दोन्ही प्रती धरून ३,००० पट्ट्या. ३ नवी कार्ट्रिजे, ८ वेळा शाई. एकूण ३,७५० रुपये. एका कागदावर सव्वा रुपयाची नुसती शाई! चार हजारांचे यंत्र महिन्याला जवळजवळ स्वतःच्या किमतीएवढे खात होते. हे कोणालाच दिसले नव्हते, कारण पैसे दीडशे-दीडशेने गल्ल्यातून जात आणि किरकोळीत पडत.

मी सुचवलेले यंत्र ऐकून मात्र माझेच मित्र हसले. डॉट मॅट्रिक्स. बँकेत पासबुक भरताना कर्रर्र आवाज येतो ना, त्या जातीचे. जुनीच पद्धत आहे. त्यात सुया शाईच्या फितीवर आपटतात, त्यामुळे खाली कार्बन असेल तर एका दमात दोन प्रती निघतात, आणि दोन्हींवरचे आकडे तेच. शाईच्या किंवा लेझरच्या प्रिंटरला हे जमत नाही, कारण ते कागदावर आपटतच नाहीत. नवे तेच किफायतीचे, ही समजूत आपण कॉलेजातली मुले फार लवकर करून घेतो. शेठना पटले नव्हते ते माझे 'नवीन', आणि त्यात त्यांचे काही चुकले नव्हते.

वही शेठच्या गादीवर ठेवली. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती दिवाणजींच्या हातात दिसली. दिवाणजी तीस वर्षे कार्बन घालून हाताने पट्ट्या लिहीत होते, त्यांना समजावण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी चष्मा वर केला आणि माझी चूक काढली. जोड कागद साध्या कागदापेक्षा महाग पडतो, तो मी धरलाच नव्हता. मान खाली घालून तो धरला. महिन्याला ८०० रुपये कागदाचे जादा, १५० फितीचे. तरीही २,८०० वाचत होते. १३,००० चे यंत्र पाच महिन्यांच्या आत फिटत होते. मला वाटते, ती चूक सापडली म्हणूनच वहीवर विश्वास बसला. ज्या हिशोबात दिवाणजींना बोट ठेवायला जागा नाही, तो हिशोब कोणता मालक खरा मानील?

तरी शेठनी एक आडकाठी घातलीच. पेट्रोल पंपावर असते तसले छोटे यंत्र का नको? शाई नाही, फीत नाही, नुसता कागदाचा रोल. नुसत्या आकड्यांत त्यांची बाजू बळकट होती, हे कबूल केले पाहिजे. पण त्या कागदावरची अक्षरे उष्णतेने उमटतात आणि उष्णतेनेच उडतात. आमच्याकडे पट्टी ठेवायची जागा म्हणजे पत्र्याच्या घरातली पत्र्याची पेटी. उन्हाळ्यात तिच्यात काय होत असेल ते सांगायला नको. मी शेठना प्रथमच वडिलांच्या पट्टीची हकिगत सांगितली. दुकानाचे नाव घेतले नाही. ते बराच वेळ गल्ल्याच्या किल्ल्या हातात खेळवत राहिले. "हे वहीत का नाही लिहिलंस?" म्हणाले. त्याची रक्कम किती लिहायची ते मला कळले नव्हते.

यंत्र पाडव्याला आले, पूजा होऊन सुरू झाले. आवाज एवढा की फोनवर बोलायचे तर शेठ बाहेर ओट्यावर जातात आणि आत येऊन माझ्याकडे रागाने पाहतात. पट्ट्या सहाच्या आत संपतात. जुना प्रिंटर माळ्यावर आहे. तो भंगारात द्यायला शेठ तयार नाहीत. "चालू हाय अजून," म्हणतात.

मला आता साडेसहाची एस.टी. मिळते. पगार अजून तेवढाच आहे, पण हंगाम सरल्यावर तासांचा विषय निघणार हे वडिलांइतकेच मलाही दिसते. म्हणून त्याच वहीच्या मागच्या पानांवर, सहा वाजल्यानंतर दुकानात मी आणखी काय काय केले, ते रोज लिहून ठेवतो आहे.